कपाळावरचं कुंकू गोल दिसतंय का? जुना सिनेमा पुन्हा बघायची एक रीत

धुळ्यात मे महिन्यात संध्याकाळी सातलाही गच्ची पायाला चटके देते. दोन बादल्या पाणी ओतायचं, सतरंज्या टाकायच्या, जिन्याच्या भिंतीवर पांढरी चादर ताणून बांधायची आणि साडेआठला प्रोजेक्टर सुरू करायचा, असा आमचा शनिवारचा रिवाज आहे. सिनेमे जुने. बघायला घरचे, शेजारचे आणि कॉलेजातली दोन-चार पोरं. नवीन आलेला माणूस शेवटची पाटी पडायच्या आत निकाल देऊन मोकळा होतो. "भारी आहे, आजही चालतो" नाहीतर "लय स्लो आहे भो, तेव्हा चालला असेल."

मीही बरीच वर्षं असेच निकाल दिले. त्यातले निम्मे चुकले. मी ज्याला नावं ठेवत होतो ती सिनेमाची खराब कॉपी होती आणि ज्याचं कौतुक करत होतो ते माझं लहानपण होतं, हे उशिरा लक्षात आलं. या दोन गोष्टी आधी वेगळ्या काढता आल्या पाहिजेत. पहिल्यांदाच या नादाला लागणाऱ्यांसाठी, मला जमलेली रीत सांगतो.

आधी आठवण लिहून काढा

सिनेमा लावण्याआधी दहा मिनिटं वही घेऊन बसा. हा सिनेमा कधी पाहिला, कुठे, कोणासोबत, कोणता प्रसंग डोक्यात राहिला, शेवट काय होता, हे सगळं लिहा. न आठवणाऱ्या गोष्टींची जागा मोकळी सोडा. सिनेमा संपल्यावर वही उघडा आणि ताळा करा.

'माहेरची साडी' मी १९९१ साली नऊ वर्षांचा असताना अमळनेरला पाहिला, आई आणि गल्लीतल्या बायांसोबत. थेटरात सगळीकडे पदर डोळ्यांना लागलेले आणि मधेच आईनं माझा हात घट्ट धरलेला, हे मला आजही स्पष्ट आठवतं. तीस वर्षांनी पुन्हा पाहिला, तेव्हा माझ्या यादीतला सगळ्यात ठळक प्रसंग त्या सिनेमात नव्हताच. तो दुसऱ्याच कुठल्यातरी सिनेमातला. आईनं हात धरला हे खरं, पण कुठल्या प्रसंगाला, देव जाणे. तेव्हापासून "मला पक्कं आठवतंय" असं म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही, स्वतःवर तर नाहीच.

तीन सिनेमे निवडा, एकदम वीस नको

एक, तुमचा आवडता आणि पाठ असलेला. दुसरा, थोरामोठ्यांनी गौरवलेला पण तुम्ही कधी न पाहिलेला. तिसरा, ज्याची हल्ली सगळे टिंगल करतात असा. आमच्या पहिल्या महिन्यात 'अशी ही बनवाबनवी' (१९८८), 'कुंकू' (१९३७) आणि 'माहेरची साडी' होते. नुसते आवडते सिनेमे घेतले तर उजळणी होते, नुसते गौरवलेले घेतले तर शाळा होते. मिसळ असली की एकाचा उजेड दुसऱ्यावर पडतो.

कॉपी तपासा

इथे जरा थांबतो, कारण नव्या लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

लांबीपासून सुरुवात करा. सिनेमाच्या सुरुवातीला सेन्सॉरचा दाखला दिसतो. जुन्या दाखल्यावर लांबी मिनिटांत नसते, फुटांत किंवा मीटरमध्ये असते. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) या वेगानं मिनिटाला ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर सरकते. दाखल्यावर ४,००० मीटर लिहिलं असेल तर भागा २७.४ नं. साधारण १४६ मिनिटं. तुमच्या हातातली कॉपी १२० मिनिटांची असेल तर कोणीतरी २६ मिनिटं खाल्ली आहेत. बहुतेक वेळा गाणी जातात, कधी अख्खे प्रसंग जातात, आणि मग आपण म्हणतो, "कथेत सलगता नाही." मी एका सिनेमाला असंच म्हटलं होतं, तेही चारचौघांत आणि मोठ्या आवाजात. नंतर पूर्ण प्रत मिळाली तेव्हा सलगता होती, माझी फाईलच तोकडी होती.

पाच-सहा मिनिटांचा फरक दिसला तर लगेच आरडाओरडा नको. आपल्याकडच्या टीव्हीची पूर्वीची पद्धत सेकंदाला २५ चौकटींची होती. २४ चौकटींचा सिनेमा तिच्यावर चढवला की तो किंचित पळतो: १५० मिनिटांचा १४४ मिनिटांत संपतो. काही कापलेलं नसतं. आवाज मात्र थोडा चढा लागतो. गाण्याची मूळ रेकॉर्ड शेजारी लावून ऐका, कान असलेल्याला फरक लगेच कळतो.

मग चौकटीचा आकार. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचे सिनेमे जवळजवळ चौरस चौकटीत चित्रित झाले आहेत, रुंदी उंचीच्या १.३७ पट. आजचा टीव्ही बराच रुंद. पडदा भरावा म्हणून कोणी चित्र आडवं ताणतं, कोणी वरून-खालून कापतं. ताणलंय की नाही हे ओळखायला मी एकच खूण बघतो. बाईच्या कपाळावरचं कुंकू गोल आहे का? ते लंबगोल दिसलं तर रिमोट घ्या, चित्राच्या आकारात ४:३ किंवा 'ओरिजिनल' निवडा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील. येऊ द्यात. कुंकू दिसत नसेल तर बैलगाडीचं चाक, ताट, चंद्र, काहीही गोल चालेल. कापलेलं ओळखणं मात्र अवघड. माणसांच्या डोक्याचा वरचा भाग सारखा उडत असेल तर संशय घ्या.

रंगवलेल्या प्रतींपासून लांब राहा, निदान पहिल्या वेळी तरी. 'मुघल-ए-आझम' १९६० चा, त्याची पूर्ण रंगीत प्रत २००४ साली आली. मूळ सिनेमा बहुतांश कृष्णधवल होता आणि शीशमहालातल्या गाण्यासारखे मोजके भाग रंगीत. इतका वेळ काळ्यापांढऱ्यात बसल्यावर आरशांचा महाल एकदम रंगात उघडतो, तेव्हा धक्काच बसतो. सगळंच रंगवल्यावर तो धक्का गेला. रंगीत प्रत बघून "त्या गाण्यात एवढं काय?" असं विचारणाऱ्याचा दोष नाही.

शेवटी, आपण कोणता शेवट बघतोय? 'शोले' १९७५ च्या ऑगस्टमध्ये आला, आणीबाणी लागून दोन महिनेही झाले नव्हते. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला मारतो. सेन्सॉरमुळे तो बदलून पोलीस मधे आणावे लागले. पन्नास वर्षं सगळ्या देशानं बदललेला शेवट पाहिला. २०२५ मध्ये मूळ शेवटासह दुरुस्त केलेली प्रत इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. 'शोले'च्या शेवटाबद्दल वाद घालताना आधी "कुठला शेवट?" हे विचारून घ्या.

चांगली प्रत काय करू शकते हे बघायचं असेल तर श्याम बेनेगलांचा 'मंथन' (१९७६) शोधा. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून उभा केलेला हा सिनेमा. जुने सिनेमे जपणाऱ्या फिल्म हेरिटेज फाउंडेशननं त्याची दुरुस्त केलेली प्रत तयार केली आणि २०२४ साली ती फ्रान्समधल्या कानच्या महोत्सवात दाखवली गेली. त्यात स्मिता पाटील आहे. तिचे वडील शिवाजीराव पाटील आमच्या शिरपूरचे, त्यामुळे तिचं नाव पडद्यावर आलं की आमच्या गच्चीवर उगाच एक आपलेपणाची कुजबुज होते.

बसायचं कसं

मोबाईलवर नको. तुकड्यातुकड्यांत नको. मध्यंतर मात्र हवं. कारण हिंदी-मराठी सिनेमे मध्यंतर धरूनच लिहिलेले असतात. त्या ठिकाणी थांबलात तर लेखकानं कुठली गाठ मारून ठेवलीय ते दिसतं. आमचं मध्यंतर दाळ्या-मुरमुऱ्यांचं.

जत्रेतल्या तंबूत सिनेमा पाहिलेली माणसं अजून भेटतात. सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेतल्या गोष्टी आमचे एक आप्पा रंगवून सांगतात. गर्दी झाली की कापडी पडद्याच्या मागच्या बाजूलाही माणसं बसायची आणि त्यांना नायक डावखुरा दिसायचा. लोक काय अवस्थेत सिनेमा बघत होते याची कल्पना असली की संवाद एवढे ठासून का म्हटलेत, एकच गोष्ट दोनदा का सांगितलीय, हे समजायला लागतं. शेजारी पाळणा फिरतोय, लेकरू रडतंय, आणि तरी मागच्या रांगेपर्यंत गोष्ट पोचायची होती.

पहिली तीन रिळं सोडून द्या

हजार फुटांचं एक रीळ साधारण अकरा मिनिटांचं. पहिली तीन रिळं, म्हणजे अर्धा तास, कोणतंही मत बनवू नका. डोळ्यांना त्या काळाच्या चालीची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. अभिनय नाटकी वाटेल, कारण त्या नटांतले बरेच जण संगीत नाटकाच्या रंगमंचावरून आलेले. अर्ध्या तासानंतरही तो खटकत असेल तर लिहून ठेवा. आमच्याकडे 'कुंकू' लावला तेव्हा कॉलेजातला एक पोरगा विसाव्या मिनिटाला मोबाईल बघत होता. चाळिसाव्याला मोबाईल उपडा होता.

काय जुनं झालंय ते वेगळं करा

"जुना वाटतो" या दोन शब्दांत चार वेगळ्या तक्रारी कोंबलेल्या असतात. तंत्र जुनं, अभिनयाची रीत जुनी, विनोद जुना की विचार जुना? पहिल्या दोन तक्रारी फारशा मनावर घेऊ नका. तिसरी सोपी आहे: लोक हसले की नाही ते कानांनी ऐकू येतं. 'बनवाबनवी'ला आमची पोरं लोळून हसली. पुण्यात नोकरी लागलेल्या एकानं सांगितलं, "काका, मला अजूनही घरमालक विचारतात, लग्न झालंय का म्हणून." खोली मिळावी म्हणून दोन पुरुषांनी साड्या नेसायच्या ही सगळी धावपळ ज्या अडचणीवर उभी आहे, ती अडचण खानदेशातून पुण्याला जाणाऱ्या पोराला आजही येते. विनोद टिकायला खालची अडचण खरी लागते.

चौथी तक्रार, विचारांची, तिथे खरा वेळ द्या. प्रश्न असा विचारायचा: सिनेमा हे दाखवतोय, की याला मान डोलावतोय? सुनेचा छळ दाखवला म्हणून सिनेमा मागासलेला ठरत नाही. सोसणं हाच बाईचा मोठेपणा आहे असं सिनेमा कॅमेरा लावून, संगीत चढवून सांगत असेल, तर मग ठरतो.

या प्रश्नावर 'कुंकू' आणि 'माहेरची साडी' शेजारी ठेवा. दोघांत ५४ वर्षांचं अंतर. व्ही. शांतारामांच्या 'कुंकू'त नीराला फसवून एका म्हाताऱ्या वकिलाशी लावून दिलं जातं आणि ती सरळ नकार देते: हा माझा नवरा नाही. शांता आपटेंची नीरा रडत बसत नाही. अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला छडीनं फोडून काढते. सिनेमाला नेहमीसारखं पार्श्वसंगीतही नाही, जे ऐकू येतं ते पडद्यावरच्या वस्तूंमधून, घड्याळाच्या टोल्यांतून. 'माहेरची साडी'त अलका कुबलची सून सोसते, सोसते आणि सोसते. उषा नाडकर्णींची सासू आजही अंगावर काटा आणते, ते काम शिळं झालेलं नाही. पण सिनेमाला त्या सोसण्याचं जे कौतुक आहे, ते मला आता बघवत नाही. माझ्या आईला बघवतं. तिचं म्हणणं, "आम्ही रडायलाच तर जायचो, घरी कुठं रडता येत होतं?" यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि वहीत मी हे तिच्या शब्दांत लिहून ठेवलंय.

काळ वाचा, पण सिनेमा बघून झाल्यावर

बघण्याआधी समीक्षा वाचू नका. नंतर मात्र साल धरून थोडी चौकशी करा: तेव्हा कायदा काय होता, सत्तेत कोण होतं, शेती कशी होती.

'कुंकू'च्या शेवटी म्हातारा नवरा आत्महत्या करून नीराला मोकळं करतो. पोरांची तक्रार होती की हा शेवट ओढूनताणून आणलेला आहे, तिनं सरळ घटस्फोट का घेतला नाही? साल बघा. १९३७. मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरवणारा शारदा कायदा १९२९ चा, पण हिंदूंना घटस्फोटाची मोकळीक देणारा कायदा मुंबई प्रांतात १९४७ साली आला आणि देशभरात हिंदू विवाह कायदा १९५५ साली. गंमत म्हणजे बडोदा संस्थानानं असा कायदा १९३१ मध्येच केला होता. नवापूर ओलांडून सोनगडला गेलं की कायदा वेगळा! नीराच्या नवऱ्यासमोर तिला सोडवायचा कायदेशीर रस्ताच नव्हता, हे कळल्यावर शेवट ओढलेला वाटेना.

पण गोष्ट इथे संपली नाही. माझी आजी, तिला आम्ही जिजी म्हणतो, जवळपास या सिनेमाच्याच वयाची आहे. छडीच्या प्रसंगाला ती मोठ्यानं म्हणाली होती, "बेस कयं पोरनी!" (बरं केलं पोरीनं!) शेवटाला मात्र तिच्या कपाळाला आठी. "मंग काडीमोड का बरं लिधा नही तिनी?" मी कायदा समजावायला लागलो तर तिनं मलाच गप्प केलं. तिच्या लहानपणी गावात काडीमोड होत होते, पाट लागत होते, पंच बसायचे आणि बाई दुसऱ्या घरी नांदायची. कोर्टाचं नावही निघत नसे. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं की नीराची कोंडी ही पांढरपेशा घरातली कोंडी आहे. बऱ्याच जातींत रूढीनं जो रस्ता उघडा होता तो तिच्या जातीत बंद होता. 'कुंकू'वरचे मोठमोठे लेख मी वाचले होते, त्यांतून हे मला उमगलं नव्हतं.

एकट्यानं निकाल देऊ नका

म्हणून पुढची पायरी: तीन पिढ्या बसवा. सत्तरीच्या पुढचं एक माणूस, तुमच्या वयाचं एक, विशीच्या आतलं एक. सिनेमा चालू असताना त्यांच्याकडेही बघा. कोण कधी उठून पाणी प्यायला गेलं हे समीक्षेइतकंच उपयोगी असतं. 'श्यामची आई' (१९५३) लावला तेव्हा अमळनेरचे एक निवृत्त गुरुजी आले होते. साने गुरुजी तिथल्या शाळेत शिकवायचे, त्यामुळे त्यांच्यासाठी तो घरचाच मामला. त्यांना सिनेमात एकही उणं दिसेना. सातवीतल्या माझ्या पुतणीला आईचा धाक जरा जास्तच वाटला. दोघंही मला पटले. पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालेला सिनेमा आहे म्हणून पुतणीला गप्प बसवायचं नाही, हा आमच्या गच्चीचा नियम आहे.

भाषेकडेही लक्ष असू द्या. १९६१ च्या 'मानिनी'त बहिणाबाईंच्या कविता आहेत. आसोद्याच्या या बाईचे शब्द पडद्यावरून ऐकू आले की आमच्याकडची म्हातारी माणसं सरसावून बसतात. सिनेमातल्या बाकीच्या ग्रामीण बोलीला मात्र हसतात, कारण पडद्यावरचं खेडं कायम कोल्हापूरकडचं. खानदेशातल्या प्रेक्षकाला हा परकेपणा सवयीचा झालाय, तरी टिपून ठेवण्यासारखा आहे.

एखादा सिनेमा लोकांत टिकला की नाही याचा आणखी एक पुरावा आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. मालेगावच्या पोरांनी घरच्या घरी 'मालेगाव के शोले' केला तो २००० साली, मूळ सिनेमानंतर २५ वर्षांनी. नक्कल करून हसवायला मूळ गोष्ट प्रेक्षकाला तोंडपाठ असावी लागते.

तुम्ही कोणाच्या बाजूनं होतात?

हा प्रश्न सिनेमाला विचारायचा नाही, स्वतःला विचारायचा. 'उंबरठा' (१९८२) मी एकोणीस वर्षांचा असताना पाहिला तेव्हा मला नायिकेच्या नवऱ्याचं पटलं होतं. बाई घर सोडून महिलाश्रम चालवायला जाते, मग त्यानं करायचं काय? चाळिशीत पुन्हा पाहिला. गिरीश कर्नाडांनी साकारलेला तो नवरा किती सभ्यपणे, आवाजही न चढवता तिला घराबाहेर ठेवतो, ते या वेळी दिसलं. सिनेमातली एक चौकटही बदललेली नव्हती. दहा वर्षांनी मी तिसऱ्यांदा बघणार आहे, आणि काय दिसेल याची थोडी धास्तीच आहे.

वहीत काय उतरवायचं

तारे देऊ नका. साडेतीन तारे म्हणजे काय हे दोन वर्षांनी तुम्हालाच सांगता येणार नाही. मी तारीख, कॉपी कुठली आणि किती मिनिटांची, सोबत कोण होतं, आणि तीन वाक्यं लिहितो: काय अजून धडधडतंय, काय मेलंय, काय मला कळलं नाही. तिसरं वाक्य रिकामं राहिलं तर मी घाईत पाहिलाय असं समजतो.

'कुंकू'ची नोंद नमुन्यादाखल देतो: "शनिवार, गच्ची, नऊ माणसं. चौकट बरोबर, आवाजात खरखर. धडधडतंय: छडी, घड्याळ, शांता आपटेंची मान. मेलंय: मधली काही उपदेशाची मिनिटं, नीरा इंग्रजी कविता गाते तिथे पोरं चुळबुळली. कळलं नाही: काडीमोड. जिजीला पुन्हा विचारणे."

पुढच्या शनिवारी 'सामना' आहे. १९७५ चा, निळू फुले आणि श्रीराम लागू, साखर कारखान्याचं राजकारण. सत्तरीतले एक नाना आधीच सांगून गेलेत की ते येतील, पण त्यांच्या वेळच्या कारखान्याच्या निवडणुकीबद्दल कोणी काही विचारायचं नाही. आम्ही अर्थात विचारणार आहोत, मध्यंतरात.